धुऱ्यावरची बाई

धानाची कोवळी रोपं, आमचे पऱ्हे, उपटताना मुळं सुटण्याचा जो आवाज येतो, तो डोळे बांधले तरी मी ओळखेन. ओल्या कापडाची शिवण उसवावी तसा असतो तो. मूठभर उपटायचं, पायावर आपटून मुळांचा चिखल झाडायचा, जुडी बांधायची, मागे टाकायची. वीस बायका एका बांधीत, धानाच्या खाचरात, वाकल्या की हा आवाज वीस जागी होतो आणि त्यावर बांगड्यांचा, बेडकांचा, दूरच्या ट्रॅक्टरचा आवाज चढत जातो. आषाढ सरत आला की माझे कान आपोआप तिकडे लागतात. गुडघे कुरकुरतात, पाठ बोलते, तरी अंगात लग्नघरासारखी लगबग सुरू होते. धानाची रोवणी आलेली असते.

माझा धंदाच रोवणीचा. शेतकऱ्याशी एकराचा भाव ठरवायचा, बायका गोळा करायच्या, पिकअपमध्ये बसवून शेतावर न्यायच्या आणि दिवस मावळायच्या आत बांधी हिरवी करून द्यायची. याला आमच्याकडे गुत्ता म्हणतात. पोंभुर्ण्याच्या आसपास रोवणीचा गुत्ता म्हटला की माझं नाव निघतं. रत्नाबाई. मागून आणखी काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. भाव ठरवताना मी खाटेवर बसत नाही, उभ्यानेच बोलते. बसलेल्या माणसाला घाई नाही हे समोरच्याला कळतं. माझा आवाज मोठा आहे, राग त्याहून मोठा आहे, आणि दोन्ही मी जन्माला येताना आणले नव्हते. ते मला कमवावे लागले, पिकअपसारखेच.

या रोवणीत माझ्या वाट्याला एकच काटा येत असे. एक गाणं. बायका चार ओळी रोवून होत नाहीत तोच कुणीतरी ते उचलायचं:

धुऱ्यावरची बाई माही, वाऱ्यासंगं भांडे,
ढगाले म्हने भाव ठरव, मंगच पानी सांडे.
दिवसभर भांडून बाई घराकडे जाय,
घरी नाई कोनी, मंग बोले कोनाले काय?

अठरा वर्षं मी हे गाणं ऐकत आले. ते सुरू झालं की मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, उठून ट्रॅक्टरकडे जायची, डिझेल बघायची, फोनवर कुणाला तरी विनाकारण रागवायची. कारण धुऱ्यावरची ती बाई मीच होते. आणि जिनं ते रचलं, तिच्याकडून मला त्याचा जाब हवा होता.

मी मूळची वरोऱ्याकडची. आमचा भाग कापसाचा, जमीन काळी. तिथं वेचणीला बायका आपापल्या तासात, म्हणजे ओळीत, असतात, एक इथे, एक तिथे, आणि गाणं म्हटलंच तर जिचं तिच्यापुरतं. लग्न होऊन या धानाच्या मुलखात आले तेव्हा चिखलात पाय घालायचीही मला किळस यायची. पोटऱ्यांपर्यंत कोमट गाळ आणि त्यात काय वळवळतं कोण जाणे. मला रोवणी शिकवली ती कौतिकाबाईनं. गल्लीपलीकडचं घर तिचं, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, अंगानं काटकुळी, हात मात्र असे चालायचे की बघत राहावं. तिनं पहिल्या दिवशी माझ्या हातात जुडी दिली आणि म्हणाली, "तीन काड्या घे, चौथी नोको घेऊ. अंगठ्यानं दाब, आन सोड. देवपूजेवानी हळूहळू नोको करू, सांज होऊन जाईन."

मागे मागे सरत जायचं, हे मला सगळ्यात अवघड गेलं. रोवणारी बाई कधी पुढे जात नाही. तिच्यासमोर हिरवं वाढत जातं आणि ती मागे सरते. कुठे पोहोचायचंय ते दिसत नाही, पण काय केलं ते सगळं डोळ्यांपुढे असतं. पुढे धंद्यात मी पुष्कळ धडपडले, फसले, उठले. तेव्हा मला ती चाल आठवायची. पुढचं दिसत नसेल तर नसू दे, समोरची ओळ सरळ ठेवावी.

ज्या रोवणीची मी गोष्ट करते आहे, ती माझी तिसरी. नवरा त्याआधीच्या वर्षी मिरची तोडायला तेलंगणात गेला आणि तिकडचाच झाला. एकटा राहिला असता तर एक वेळ समजले असते, पण तसं नव्हतं, एवढंच सांगते. सासू आधीच गेलेली. घरात मी आणि एक मांजर. मांजर तरी माझी कुठे, तीन घरं हिंडून माझ्याकडे झोपायला यायची.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि सगळ्यांच्या रोवण्या एकाच आठवड्यात आल्या. शेतकरी बायकांच्या दारात हात जोडून उभे होते, तरी भाव मात्र मागच्या वर्षीचाच सांगत होते. बायका आपसात कुजबुजत होत्या, पुढे कुणी होत नव्हतं. मला काय झालं ठाऊक नाही. घरात बोलायला कुणी नसल्यानं साठून राहिलं असेल. मी धुऱ्यावर चढले आणि ज्याच्या शेतावर होतो त्या शेतकऱ्याला असं बोलले, असं बोलले की त्याची छत्री बंद झाली. पाऊस चालू होता आणि तो छत्री बंद करून ऐकत होता. वाढीव भाव त्यानं कबूल केला. बायका हसत हसत बांधीत उतरल्या. माझ्या आयुष्यातली ती पहिली जीत. चिखलसुद्धा त्या दिवशी मला गोड वाटला.

आणि दुपारी, जेवणं झाल्यावर, कौतिकाबाईनं हे गाणं उचललं.

आमच्याकडे गाणं एकीनं उचलायचं असतं आणि बाकीच्यांनी झेलायचं. उचलणारी जागेवर रचते. कधी गावातल्या मास्तरवर, कधी कुणाच्या सुनेवर, कधी नुसतं बैलांवर. पहिल्या दोन ओळी आल्या तेव्हा मी हसले. माझं कौतुक चाललंय, मी वाऱ्याशी भांडते, ढगाला भाव विचारते. चाळीस बायका झेलत होत्या. मग पुढच्या दोन ओळी आल्या. घरी नाई कोनी, मंग बोले कोनाले काय? चाळीस बायकांनी तेही झेललं, आणि मग सगळ्या थांबल्या. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे.

मला वाटलं, माझ्या घराचं दार उघडून या सगळ्यांना आत नेऊन रिकाम्या भिंती दाखवल्या. तेही तिनं, जिच्या हाताला धरून मी चिखलात उभी राहिले. हातातली जुडी मी खाली फेकली आणि बांधीतून निघून गेले. पाय धुतले नाहीत, तसेच घरी नेले. त्यानंतर मी ओळीत कधी उभी राहिले नाही. दुसऱ्या वर्षापासून गुत्ता घेऊ लागले आणि कायमची धुऱ्यावर आले. म्हणजे त्या गाण्यानं मला जिथे बसवलं होतं, तिथेच जाऊन बसले, हे आज लिहिताना कळतं.

कौतिकाबाईशी बोलणं बंद. तिच्या वेलाची दोडकी माझ्या कुंपणावर यायची, मी तोडून तिसऱ्या घरी द्यायची. तिसऱ्या घरच्या बाईला दोन्हीकडून भाजी मिळायची, त्यामुळे आमचं भांडण मिटावं असं तिला कधीच वाटलं नाही. सात-आठ वर्षांनी कौतिकाबाईच्या मुलाला घुग्घुसकडे काम लागलं आणि ती तिकडे राहायला गेली. मी म्हटलं, चला, सुटले. पण गाणं गेलं नाही. ते उलट पसरलं.

रोवणीच्या बायका गावोगाव जातात. माहेरी जातात, लेकीकडे जातात, गुत्त्यावर जातात, आणि गाणं काही कुणाच्या परवानगीनं जात नाही. मी मूल तालुक्यात भाव ठरवायला गेले तर तिथल्या बांधीत हेच गाणं. तोंडओळख असलेल्या एका बाईला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ही धुऱ्यावरची बाई कोण गं? ती म्हणाली, "देवी हाये थे. धानाची राखण करते. ढग तिचं आयकते, तुमचं-आमचं आयकन का?" त्यांच्याकडे शेवटी आणखी एक ओळ जोडलेली होती: देवीसंगं बोले देवी, पिकू दे व माय. मला देवी केल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, आता हे गाणं मला कुठेच सुखानं जगू देणार नाही.

मग घुग्घुसला एकदा पिकअपचा पाटा दुरुस्त करायला गेले होते. कोळशाच्या ट्रकांची रांग, रस्त्यावर काळा चिखल, झाडांची पानंसुद्धा करडी. खाणीतली पाळी सुटलेली, मोटारसायकलींची गर्दी. शेजारी थांबलेल्या एका तरुणाच्या खिशातल्या फोनवर तेच गाणं वाजत होतं, मागे ढोलकी आणि कसले कसले आवाज घातलेले. मी म्हटलं, बाबू, हे गाणं कुठलं?

"काकू, प्यार का गाना आहे. पोरगी भाव खाऊन राह्यली. धुऱ्यावर उभी हाये, खाली उतरूनच नाई राह्यली."

"आणि शेवटी काय होतं?"

त्यानं आवाज वाढवला, शेवटची ओळ ऐकवली: मोबाईलवर बोले बाई, हासून हासून जाय. तो खूश झाला. "पटली ना," म्हणाला आणि किक मारून गेला. त्याच्या मागच्या चाकानं माझ्या साडीवर उडवलेला काळा पट्टा मी तीनदा धुतला.

मला राग येत राहिला, पण त्यात थोडी गंमतही मिसळायला लागली होती, हे कबूल करते. कॉलेजातले एक सर लोकगीतं गोळा करत माझ्याकडे आले होते. बायकांची नावं, वयं, गावं लिहून घेत होते. या गाण्यातला वारा म्हणजे समाज आणि ढग म्हणजे पुरुष, असं त्यांनी मला समजावलं. मी विचारलं, "मग चिखल कोण?" त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बायकांचे दोन तास त्यांनी घेतले, म्हणून मी त्यांच्याकडून सगळ्यांना भजी खायला घातली. त्यातही त्यांनी आधी एकच प्लेट मागवली होती, मी ती पाचवर नेली.

पण जे मला आत लागलं ते भामरागडकडे. पाच-सहा वर्षं झाली असतील. एका ओळखीच्या मुकादमानं सांगितलं होतं की तिकडच्या काही बायका कामाला यायला तयार आहेत, म्हणून मी भर पावसात गेले. पोहोचले आणि मागे नदी चढली. पूल पाण्याखाली. तीन दिवस अडकले. ज्या घरात राहिले तिथे एक म्हातारी बाई, तिची सून, आणि भिंतीला टेकून ठेवलेले बांबूचे कोवळे कोंब, वास्ते. रोज त्याच वास्त्यांची भाजी आणि भात. घरामागेच त्यांची बांधी. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली तेव्हा दोघी रोवायला उतरल्या, आणि म्हातारीनं गाणं उचललं. गोंडीत होतं, मला शब्द कळेनात. पण चाल ऐकली आणि मी धुऱ्यावर ताठ झाले. तीच.

सून मराठी बोलायची. तिला विचारलं, यातली बाई कोण?

सुनेनं सासूला विचारलं. म्हातारीनं कंबर सरळ केली आणि हातानं दाखवलं. समोरच्या धुऱ्यावर एक बगळी उभी होती. एक पाय वर, मान आखडून, वाऱ्यावर पिसं फुललेली, जशी काही कुणाशी भांडूनच आली आहे.

"थेच," सून म्हणाली. "बगळी. सारा दिवस भांडते, मंग झाडावर जाते. आमची बुढी म्हनते, घरी जाऊन थे पिलायले पुसते, पाय भिजले का?"

मीच ती, असं सांगावंसं वाटलं होतं, पण त्या बगळीपुढे माझी मलाच लाज वाटली. ती किती डौलात उभी होती. त्या तीन दिवसांत मी ते गाणं पहिल्यांदा उठून न जाता ऐकलं. शब्द कळत नव्हते म्हणूनही असेल. गाण्याचा अर्थ लावायला बसलं की माणूस आधी आपली दुखरी जागा चाचपतो आणि गाणं तिथेच ठेवतो. त्या म्हातारीची दुखरी जागा वेगळी होती. तिची दोन मुलं पुरापलीकडे कामाला गेली होती आणि तीन दिवस त्यांचा निरोप नव्हता. पाय भिजले का, हे ती कुणाला विचारत होती ते मला चौथ्या दिवशी कळलं, जेव्हा पाणी उतरलं आणि ती दोघं दारात उभी राहिली.

तरी राग गेला नाही. राग असा जात नाही. आपण त्याच्याबरोबर राहायला शिकतो आणि मग तो गेला तर घर रिकामं वाटेल अशी भीती वाटायला लागते.

या वर्षी श्रावण लागून दोन दिवस झाले होते. गावातलीच रोवणी, कौतिकाबाईच्या पुतण्याचं शेत. मी धुऱ्यावर उभी राहून ओळ बघत होते. ओळ बघायची मला सवय आहे. कोणती बाई दमली, कोणती बोलण्यात अडकली, हे पाठीवरून कळतं. एका टोकाला एक म्हातारी पाठ दिसली. डोक्यावरून प्लास्टिकची खोळ. ती इतरांपेक्षा हातभर मागे होती, म्हणजे आमच्या भाषेत पुढे. अंगठ्यानं दाबून सोडण्याची ती पद्धत मी विसरणं शक्य नव्हतं.

मी पुतण्याला म्हटलं, "ती कोण आणली?"

"मोठी आई हाये. चार दिवसांसाठी आली घुग्घुसवरून. म्हने, चिखलात पाय घालू दे, तिकडे सिमेंटच सिमेंट हाये. तिचा रोज नोका धरू, ते हौसेनं करून राह्यली."

तेवढ्यात ओळीतल्या एका नव्या सुनेनं, जिला काही ठाऊक नव्हतं, तेच गाणं उचललं. धुऱ्यावरची बाई माही. बायकांनी झेललं. शेवटच्या ओळीपर्यंत मी कशीबशी थांबले, आणि मग माझा आवाज सुटला. "बंद करा ते. कामाला आलात की नाचायला?"

सगळ्या थांबल्या. टोकाची खोळ मागे सरकली.

"काऊन बंद?" कौतिकाबाई म्हणाली. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "माहं गानं हाये. मी सांगन तवा बंद होईन."

"तुमचं गाणं?" मी म्हटलं. "तुमचं कसं? माझं घर, माझी भिंत, माझं एकटेपण, आणि गाणं तुमचं? चाळीस बायकांसमोर माझी लाज काढली तुम्ही, कौतिकाबाई. अठरा वर्षं ते गाणं माझ्या मागं हिंडतंय."

ओळीत खळबळ झाली. एक म्हणाली, "म्हंजे धुऱ्यावरची बाई आपली रत्नाबाईच का?" दुसरी म्हणाली, "मले तं देवी वाटली होती." तिसरीनं विचारलं, "देवी अशा शिव्या देते का व?" कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं.

कौतिकाबाई मात्र हसली नाही. ती चिखलातून चालत धुऱ्यापाशी आली, माझ्या पायाखाली उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "लाज कोनं काढली? मी तुले पुसलं होतं. घरी नाई कोनी, मंग बोले कोनाले काय? पुसलं नं? मंग तू बोलली काऊन नाई?"

"काय बोलायचं होतं?"

"अव, ओळ तुही होती." ती आता चिडली. "गान्यात ज्याले पुसलं, त्यानं पुढची ओळ उचलाव लागते. काय बी म्हन, रडून म्हन, शिवी दे, पन उचलाव लागते. मंग बाकीच्यायनं झेलाचं. मी तुह्या हातात ओळ देल्ली, आन तू जुडी फेकून गेली. साऱ्या बाया तोंडाकडे पाहत राह्यल्या. माही ओळ चिखलात पडली. अठरा वर्सं पडली हाये."

मी ओळीकडे पाहिलं. वीसही बायकांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, की हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. माझ्या एका जुन्या बाईनं हळूच म्हटलं, "कापसाकडे नसते का असं, रत्नाबाई?"

नसतं. कापसाकडे असं काही नसतं. इतकी वर्षं मी या बायकांना गाडीत घालून तालुकाभर फिरवलं. कोणती किती रोवते, कोणाचा नवरा कसा, सगळं मला तोंडपाठ. गाण्यात त्या एकमेकींना विचारतात आणि उत्तरं देतात, हे मी हजारदा ऐकलं असेल, पण मला ती नुसती चिडवाचिडवी वाटायची. आणि माझं गाणं लागलं की मी ट्रॅक्टरकडे. मूलकडची देवी, त्या पोराचा मोबाईल, बगळीची पिलं, हे सगळं आठवलं. जी ओळ मी उचलली नाही, ती ज्या त्या गावच्या बायकांनी माझ्यासाठी उचलली होती. पडलेली ओळ बघवली नसेल त्यांना.

मी खालच्या आवाजात विचारलं, "पण मला असं सगळ्यांसमोर का विचारलं?"

कौतिकाबाईनं हात चिखलानं भरलेले तसेच कमरेवर ठेवले. "तुह्या घरातून आवाजच नाई यायचा वं. दिवसभर भांडे, आन घरात शिरली का चूप. मांजरावरही ओरडत नोयती. मी रातभर कान देऊन राहो. भेव वाटे मले. दारात येऊन पुसलं असतं, रत्ना कशी हायेस, तं तू म्हटली असती, मले काय धाड भरली? म्हटलीच असती नं?"

म्हटलीच असती.

"म्हनून बांधीत पुसलं. बांधीत पुसलेलं टाळता येत नाई. कोनाले नाई टाळलं आजवरी. तूच टाळलं."

ओळीतल्या बायका वाकायच्या विसरल्या होत्या. पुतण्या लांबून हातवारे करत होता की काम थांबलंय. मी त्याला हातानंच गप्प केलं. मग मी चपला काढल्या, साडी खोचली आणि धुऱ्यावरून खाली उतरले. गाळ कोमट होता. बोटांमधून वर आला तेव्हा अंगावर शहारा आला, आणि हसू आलं. मी याआधी कधी गायले नव्हते, लहानपणीही नाही. माझा आवाज भाव ठरवायला चांगला आहे, सुराला नाही. पण ओळ माझी होती.

पुसाचं तं दारी ये न, बांधीत पुसते काय?
चाय ठेवली चुलीवर, आत टाक व पाय.

सूर कुठल्या कुठे गेला. पण वीस बायकांनी ती ओळ अशी झेलली की शेजारच्या बांधीतले बगळे उडाले. दुसऱ्यांदा झेलली, तिसऱ्यांदा झेलली. माझ्या ओळीला माझ्याहून चांगल्या आवाजात जाताना ऐकलं आणि छाती भरून आली. कौतिकाबाई पदरानं तोंड पुसत होती, चिखल आणखीच फासला जात होता. आता संपलं, असं मला वाटलं. पण तिनं बोट वर केलं आणि नवी ओळ उचलली:

चायवर का भागवते, येवढ्या वर्सांचं काय?
कोंबडा काप, रस्सा कर, मंगच टाकतो पाय.

बायका हसून हसून वाकल्या. माझ्याशी भाव. माझ्या बांधीत, माझ्या माणसांसमोर, माझ्याशी. मला आता कळलं होतं की उत्तर द्यावं लागतं, पण यमक सुचेना, म्हणून सरळ बोललेच, "श्रावण लागलाय, कौतिकाबाई. श्रावणात तुम्ही कोंबडं खात नाही. चहावर या."

"नाई खात."

"मग? तुम्ही तर चार दिवसांसाठी आलात. चहा घ्या आणि जा."

"कोंबड्याशिवाय नाई."

"श्रावण संपायला महिना आहे. पोळा झाल्याशिवाय तुम्हाला तोंड लावता येणार नाही."

"मंग थांबतो," ती म्हणाली. "पोळा होईपर्यंत थांबतो. तुह्याचकडे. पुतन्याकडे पोरं लय गोंधळ करतेत."

ओळीतून कुणीतरी म्हटलं, रत्नाबाई हारली. आणि मी तोंड पाडलं, सौदा महागात पडल्यावर पाडतात तसं. अवघा एक कोंबडा, आणि त्याच्या बदल्यात माझ्या घरात महिनाभर कुणीतरी रात्री बोलणार होतं, सकाळी भांडणार होतं, भाजीत मीठ कमी म्हणून नाक मुरडणार होतं. इतकी वर्षं भाव करते आहे, इतकं स्वस्त मला कधी काही मिळालं नव्हतं. पण ते चेहऱ्यावर दाखवलं असतं तर तिनं दोन कोंबडे मागितले असते. म्हणून मी आणखी थोडी कुरकुरले, मग हो म्हटलं, आणि तिच्या शेजारची जागा धरून वाकले.

"तीन काड्या," ती म्हणाली. "चौथी नोको."